बहिऱ्या बाजूची बायको

१

फोन आला तेव्हा आईंचे दोन्ही हात साबणात होते, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"निवृत्ती निधी कार्यालयातून बोलतेय," एक गोड आवाज म्हणाला. "गेल्या सोमवारी आपण संमती द्यायला आला होतात. आमच्या कर्मचाऱ्यांची वागणूक कशी वाटली? उत्तम, बरी, की वाईट?"

"कसली संमती?"

"आपल्या यजमानांचा निधी एकरकमी काढायला, मॅडम. रक्कम त्यांच्या खात्यात गेलीय. तर वागणूक…"

"अगं बाई, मी त्या ऑफिसची पायरीसुद्धा चढलेली नाही."

पलीकडे कागद चाळले गेले. मग आवाज आला, "मग 'बरी' असं लिहू का?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी हात तसेच पाण्यात ठेवले आणि खिडकीकडे बघत राहिल्या. आमच्या घरातल्या सगळ्या खिडक्यांत बाबांनी फुंकलेल्या काचेच्या बाटल्या आहेत. कारखान्याने नाकारलेल्या, कुणाची मान वाकडी, कुणाच्या पोटात बुडबुडा. ऊन आलं की घर हिरव्या पाण्याच्या तळाशी गेल्यासारखं दिसतं, आणि ठमी झाल्यापासून नीट न झोपलेल्या माझ्यासारखीला त्यात तरंगल्यासारखं वाटतं. मी ठमीला खांद्यावर घेऊन तशीच तरंगत उभी होते. काहीतरी भयंकर घडलंय हे माझ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला.

कायदा असा आहे की लग्न झालेल्या माणसाला निवृत्तीची पुंजी एकदम काढायची असेल तर बायकोने स्वतः जाऊन 'हो' म्हणावं लागतं, कारण लग्नानंतर साठलेल्यातलं अर्धं तिचं धरतात. बाबा निवृत्त झाल्यापासून घरात हाच वाद होता. त्यांना सगळं एकदम हवं होतं. आई म्हणत, दरमहा येत राहू दे. "भट्टीपुढे तुम्ही उभे राहिलात," त्या म्हणत, "पण पाळी संपवून आल्यावर तुमचे भाजलेले हात कुणी धरले? माझं म्हणून जगात एवढंच आहे. मी हो म्हणणार नाही." आणि आता कुणीतरी त्यांच्या नावाने हो म्हणून आलं होतं.

बाबा टेबलाशी बसले होते. त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडे जावं लागतं, कारण भट्टीच्या पंख्यांनी त्यांचा उजवा कान कधीच खाल्ला. घरात सगळे त्यांच्या डावीकडे बसतात. फक्त आई उजवीकडे. जेवताना, टीव्हीपुढे, बसमध्येसुद्धा. काही विचारायचं असलं की उठून डावीकडे जातात, "अहो, मीठ लागेल का?" म्हणतात, परत उजवीकडे येऊन बसतात आणि पुटपुटतात, "लागणारच तुला. जीभही बहिरी झालीय तुझी." डाव्या कानाला अहो आणि उजव्या कानाला तू! लग्न होऊन आले तेव्हा मी दचकले होते. मग कळलं की आई त्या कानात आपली सगळी वाफ सोडतात आणि मग दिवसभर गार असतात. निवृत्ती जवळ आली तसे बाबांनी केस वाढवले. भट्टीपाशी आयुष्यभर बारीक कापलेले, आता कानांवर यायला लागलेले. "नाटक कंपनी काढतोय बहुतेक," आई उजवीकडून म्हणाल्या होत्या, आणि जरा वेळाने बाबा उठून आरशात बघून आले होते. मला उगीच हसू आलं होतं.

आज आई डावीकडे गेल्या. हातांवरून फेस ओघळत होता. "अहो, कुणी दिली संमती?"

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. "तू आली होतीस की बरोबर. सोमवारी. विसरलीस? वय झालंय आपलं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग गं. सोमवारी सकाळी मी कुठे होते?"

सोमवारी सकाळी. आदल्या दिवशी ठमीला लस टोचली होती, रात्रभर ताप, आणि उजाडल्यावर तो उतरला तशी मी तिच्याशेजारी दगड पडावा तशी पडले होते. दुपारी एकदा डोळा उघडला तेव्हा माझी नणंद ठमीला घेऊन खिडकीशी उभी होती. खोलीत इतकी शांतता होती की मी पुन्हा बुडाले.

"आई," मी म्हटलं, "मी झोपले होते."

२

कार्यालयातल्या दारावर 'संमती अधिकारी' अशी पाटी होती. आईंनी आतल्या बाईंचं तिथल्या तिथे संमतीबाई करून टाकलं. संमतीबाई चाळिशीच्या, गळ्यात चष्मा, आवाजात सर्दी. त्यांनी आईंचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं.

"फोटो तुमचाच?"

"माझाच. मुलं शाळेत होती तेव्हाचा."

"राग मानू नका हं. सोमवारी आलेल्या बाई या फोटोसारख्या जास्त दिसत होत्या. मी त्यांना म्हटलंसुद्धा, तुम्ही तर फोटोतच राहिलात."

"म्हणजे मी म्हातारी झाले म्हणून मी मी नाही?"

"तसं नाही हो मॅडम. पण मी दिवसभर चेहरेच बघते. संध्याकाळी सगळे एकमेकांत मिसळतात." संमतीबाईंनी नाक पुसलं. "यजमान म्हणतात तुम्ही आलात. तुम्ही म्हणता नाही. शब्दाला शब्द. तक्रार दिलीत तर पोलीस येतील, आणि जी कोण तुमच्या जागी उभी राहिली ती आत जाईल. नाही दिलीत तर महिन्याने संमती पक्की होते. मग तुमचा वाटा संपला."

"आणि तिसरं काही?" मी विचारलं. काळजी करणाऱ्या माणसाला दोन वाटा कधीच पुरत नाहीत.

"महिन्याच्या आत यजमानांनी आपणहून रक्कम परत भरली तर झालं गेलं रद्द. आम्ही कारणही विचारत नाही. पण आपणहून कोण भरतं?"

आई खुर्चीत लहान झाल्यासारख्या वाटल्या. बाहेरच्या प्रतीक्षागृहात आणि या खोलीत एक मोठी काच होती. तिच्यापलीकडे जोडपी बाकांवर बसली होती. आवाज येत नव्हता, नुसती तोंडं हलत होती, मत्स्यालयातल्यासारखी.

"तुम्ही इथून बघता त्यांना?" मी विचारलं.

"तेच तर खरं काम," संमतीबाई म्हणाल्या. "आत आल्यावर सगळ्याच बायका म्हणतात, माझ्या मर्जीने. म्हणून मी आधी बाहेर कसे बसलेत ते बघते. कोण कुणाकडे पाठ करतं, कोण कुणाची पिशवी धरतं. चेहरा विसरते मी, बसणं विसरत नाही." त्या थांबल्या. "तुमचे यजमान आणि त्या बाई लक्षात आहेत. ती त्यांच्या डाव्या बाजूला अगदी टेकून बसली होती. सारखी कानाशी लागून काहीतरी सांगत होती आणि ते हसत होते. मला वाटलं, काय गोड जोडपं आहे."

आईंच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "मी आणि यांना हसवलं? बाई, ती मी नव्हते याला आणखी काय पुरावा हवा!"

मला मात्र पुरावा मिळाला होता. डाव्या बाजूला. आई कधी, कुठेच, डाव्या बाजूला बसत नाहीत. जी बाई बाबांच्या डावीकडे बसली तिला बाबांनी आपलं ऐकायला हवं होतं. ती आमचं घर ओळखत होती, पण त्यांची बायको नव्हती. मी हे सांगितलं. संमतीबाईंनी ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "मला पटलं. कागदाला पटणार नाही. ती कोण ते सांगा."

"आणखी काही आठवतं का? चालणं, उभं राहणं?"

"उभी असताना डुलत होती. अशी, या पायावरून त्या पायावर, बोटीवर उभी असल्यासारखी. मी म्हटलं चक्कर येतेय का, तर म्हणाली नाही…" बोलता बोलता त्या थबकल्या आणि माझ्या पायांकडे बघू लागल्या.

ठमीला आईंनी मांडीवर घेतलं होतं. माझे हात रिकामे होते. आणि मी डुलत होते.

"अगदी अशी," संमतीबाई म्हणाल्या.

३

परतीच्या वाटेवर आई माझ्याशी बोलल्या नाहीत. संशय नसावा, नुसता थकवा असावा, असं मी स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर चार पावलं मीच स्वतःवर संशय घेतला. इतकी झोप राहिलेली बाई काय काय करून आली असेल, तिचं तिला तरी काय ठाऊक? मग आठवलं की मी जेमतेम सव्वीस वर्षांची आहे, नाक नकटं आहे, आणि आईंच्या त्या फोटोसारखी मी सात जन्मांत दिसणार नाही.

बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्याचा दुपारी फोन आला. "तू त्यात पडू नकोस," तो म्हणाला. "त्यांचं त्यांच्यात मिटेल."

"मिटलं तर आईंचं जाईल."

"तुझं काय जातंय?"

"आपल्या निधीला माझं नाव लावलंयस ना?"

"आता हे कुठून काढलंस?"

"नुसतं विचारलं."

"लावतो गं," तो म्हणाला. म्हणजे लावलेलं नव्हतं.

समोरच्या घरात आत्याबाई राहतात, बाबांची धाकटी बहीण. आईंचे जुने कपडे घालतात आणि आईंना नावं ठेवतात. त्यांचं छप्पर गळतं, आणि बाबांनी ते पैसे आल्यावर दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं होतं. मी ठमीला घेऊन गेले तेव्हा त्या पायरीवर शेंगा सोलत होत्या.

"या, पोलीसबाई. कळलं मला. माझ्यावरच येणार आळ. गरीब बहीण म्हणजे घरातलं मांजर, दूध सांडलं की आधी तिलाच हाकलायचं."

"तसं नाही आत्याबाई. सोमवारी तुम्ही…"

"सोमवारी मी इथेच होते. वहिनीच्या जागी उभं राहणं मला कुणी पैसे दिले तरी नको! एवढी वर्षं माझा भाऊ तिच्याशेजारी बसतोय, ते काय कमी आहे?"

"ठमीला जरा धरता? चप्पल काढते."

"नको नको!" त्या पायरीवरून जवळजवळ उठल्याच. "मला नाही गं लहान मुलं धरवत. साबणासारखी निसटतात. माझ्या सख्ख्या भाच्यांनासुद्धा मी ती चालायला लागल्यावर हात लावला."

मी ठमीला कडेवरच ठेवलं. आत्याबाई उठून आत गेल्या, पाणी घेऊन आल्या, दारात उभ्या राहून बराच वेळ आईंबद्दल बोलल्या. खांबासारख्या ताठ उभ्या होत्या.

घरी येऊन मी पलंगावर पडले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. उन्हं उतरत होती, बाटल्यांचे हिरवे डाग भिंतीवरून हळूहळू सरकत होते. बाबा खिडकीशी येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. थोड्या वेळाने त्यांचं अंग डुलू लागलं. या पायावरून त्या पायावर. आई कपडे घडी करायला आल्या, हातात टॉवेल, आणि टॉवेलसकट डुलू लागल्या. आपापल्या विचारात, एकमेकांकडे न बघता, समुद्रातल्या दोन शेवाळांसारखे डुलत होते दोघं. मला वाटलं मला स्वप्न पडतंय. मग कळलं. ठमी झाल्यापासून आमचं सगळं घरच डुलतंय! जो कुणी तिला रोज खांद्यावर घेतो, त्याचं अंग तिला सोडून दिल्यावरही थांबत नाही.

ठमी बाबांच्या उजव्या बाजूच्या गादीवर होती. झोपेत तिने अगदी बारीक, उंदराएवढा आवाज केला. बाबांनी लगेच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं, आजोबांचं लक्ष असतं, आणि मी खरोखरच झोपेत घसरले.

जाग आली ती ठमीच्या शिंकेने. एक, मग आणखी एक. वन्सं कामावरून आल्या होत्या आणि त्यांनी तिला उचललं होतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. चिडवायला म्हणून मी वन्सं म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. त्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवतात, लग्न केलेलं नाही, आणि त्यांच्या अंगाला, केसांना क्लोरीनचा वास असतो. त्यांनी उचललं की ठमी शिंकते, रोज, न चुकता. "आली माझी पोचपावती," वन्सं म्हणाल्या.

रोज. मी उठून बसले.

सोमवारी दुपारी वन्संनी ठमीला घेतलं होतं आणि खोली शांत होती.

४

दुसऱ्या दिवशी मी ठमीला घेऊन तलावावर गेले. वर्ग सुटला होता. उंच छताखाली पाणी एकटंच हलत होतं आणि त्याचा उजेड भिंतींवर जाळ्यासारखा थरथरत होता. प्रत्येक आवाज दुरून परत येत होता. वन्सं काठावर पाय सोडून बसल्या होत्या, केस मागे ओले चापून बसवलेले. मी त्यांना असं, कपाळ उघडं, कधी नीट पाहिलं नव्हतं. ओळखपत्रातल्या आई काठावर बसल्या होत्या.

"सोमवारी तलाव चालू होता का, वन्सं?"

"असतोच की."

"तुम्ही मात्र पाण्यात नव्हता. ठमी शिंकली नाही."

त्या हसल्या. "आता ही कोर्टात साक्ष देणार वाटतं?"

"आई डावीकडे बसत नाहीत," मी म्हटलं. "ती बाई बसली. म्हणजे आई नव्हत्या. ती बाई रिकाम्या हाताने डुलत होती, म्हणजे ठमीला रोज घेणारं कुणीतरी. आत्याबाई तिला बोट लावत नाहीत. मी फोटोसारखी दिसत नाही." माझा आवाज छताला लागून परत माझ्यावरच आला. "उरलं कोण?"

वन्संनी पाण्यातला एक पाय वर घेतला, मग दुसरा.

"पैशासाठी नाही केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला एक छदाम नकोय. आई घर सोडून जाणार आहे."

"कोण म्हणालं?"

"बाबा. आई रोज म्हणते म्हणे, तू निवृत्त झालास की माझं अर्धं घेते आणि निघते. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझ्यापाशी रडले गं ते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. म्हणाले, पैसे माझ्याकडे आले तर ती जाऊ शकणार नाही. मी खर्च करणार नाही, नुसते ठेवीन. एकदा तिच्या जागी उभी राहा." त्यांनी ओंजळीने तोंड पुसलं. "या वयात घर मोडायला नको होतं मला. तू काय केलं असतंस?"

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट फिरत होती. स्वतःच्या कानांनी.

"वन्सं, आई असं काही बाबांच्या डाव्या कानाला बोलतील?"

"छे. जीव गेला तरी नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पाण्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत होता. उजव्या बाजूला केलेला उंदराएवढा आवाज. नाटक कंपनी, आणि मग आरसा. कानांवर आलेले केस.

"अगं बाई," वन्सं हळूच म्हणाल्या. "आई गेली कामातून."

५

चहाच्या वेळी सगळे टेबलाशी होते. आई पलीकडे, मधे किटली. आईंनी ठरवलं होतं की उद्या तक्रार द्यायची. तक्रार कुणाविरुद्ध जाईल ते त्यांना माहीत नव्हतं. वन्सं पांढऱ्याफटक बसल्या होत्या. बाबा चहात बिस्कीट बुडवत होते.

मी ठमीला घेऊन फेऱ्या घालत बाबांच्या मागे गेले, उजव्या बाजूला थांबले, आणि झोपलेल्या मुलीला उठवू नये तसं कुजबुजले, "बाबा, मशीन बरं आहे का?"

"बरं आहे, मधूनमधून शिट्टी वाज…"

बिस्कीट चहात पडलं.

बाबांचा हात आपोआप केसांकडे गेला. आईंना समजायला थोडा वेळ लागला, आणि त्या समजत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आधी नवल, मग लाज, अशी की मानेपर्यंत लाल झाल्या.

"कधीपासून?"

"निवृत्तीच्या आधी. कारखान्याने सगळ्यांचे कान तपासले. डॉक्टर म्हणाला, कानामागे मशीन बसवून बघा." बाबा टेबलाकडे बघत होते. "तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. पहिल्याच दिवशी जेवताना तू म्हणालीस…"

"काय म्हणाले?"

"ते या पोरींपुढे नको."

"आणि त्यानंतरचं?"

"सगळंच. रोज. कधी गप्प बसतेस का तू?" त्यांचा आवाज चिरकला. "तुझे पैसे आले की मी सुटले, म्हणालीस. एकदा नाही. कितीदा. मला वाटायचं, आपलं बरं चाललंय. तू त्या बाजूला बसतेस ते मला आवडायचं. वाटायचं, तिथे मी अर्धा आहे तर ही येऊन बसते."

मला वाटलं आई विरघळतील. मीही जवळजवळ विरघळले होते.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "मग मला का नाही विचारलंत? डाव्या कानाने, उजव्या कानाने, कुठल्याही. बाई, खरंच जाणार का तू?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस."

"म्हणाले असते कदाचित. कदाचित नाही. ते माझं मला कळायच्या आधी तुम्ही दाराला कुलूप घातलंत. आणि मला म्हणालात, वय झालंय, विसरतेस. मी रात्रभर विचार करत होते, खरंच विसरायला लागले का?"

बाबा चमच्याने चहातलं बिस्कीट काढू लागले.

"ती मी होते, आई," वन्सं म्हणाल्या. त्यांना बहुधा आणखी धरवेना. "ऑफिसात. मी गेले होते."

आई लेकीकडे वळल्या. खूप वेळ बघत राहिल्या, कपाळ, भुवया, हनुवटी, दुकानातला आरसा न्याहाळावा तसं. "फोटोतच राहिलेली ती तू होय," त्या म्हणाल्या. त्यात राग होता की आणखी काही, मला अजून सांगता येत नाही. मग त्या पुन्हा बाबांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज अगदी शांत झाला.

"आता समजलं. कुणीही बाई चालली असती, बहीण होती, शेजारीण होती. तुम्ही लेकीला उभं केलंत. कारण तिच्यावर तक्रार जाणार असेल तर मी करणार नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

"तसं नव्हतं गं."

"मग उद्या सगळे परत भरा. जिथून उचललेत तिथे. तसं नव्हतं हे मला तेव्हा पटेल."

बाबा उठले, कप विसळला, जाऊन बाहेरच्या पायरीवर बसले. अंधार पडेपर्यंत तिथेच होते. मी आत ठमीला घेऊन बसले, आणि मला पहिल्यांदा समजलं की एखाद्या माणसाची दया येणं आणि त्याला माफ करणं यांत केवढं तरी अंतर आहे. सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. कागदपत्रांची पिशवी खुंटीवर नव्हती.

६

संमतीबाईंची सर्दी बरी झाली होती. "परत भरलेत त्यांनी," त्या म्हणाल्या. "सगळे. मागची संमती रद्द. कारण मी विचारत नाही." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी डुलायची थांबले. "आता पुन्हा पहिल्यापासून. एकरकमी की दरमहा?"

बाबांना त्यांनी नियमाप्रमाणे बाहेर बसवलं होतं. मला ठमीसकट आत राहू दिलं. आईंनी नवा फोटो काढला होता. पांढरे केस, सुरकुत्या, सगळं त्यात होतं.

"आधी अर्धं वेगळं करा," आई म्हणाल्या. "माझ्या नावाच्या खात्यात. मग त्यांच्या अर्ध्याचं ते काय हवं ते करू देत, मी सही देते. माझं दरमहा येऊ दे."

संमतीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "असं सहसा फारकत घेणारे मागतात. किंवा यजमान गेल्यावर. लग्नात राहून मागायला फारसं कुणी येत नाही."

"पण मागता येतं ना?"

"येतं. तुमचंच आहे. फक्त मला एक विचारावं लागतं, आणि खरं सांगायचं." त्यांनी पेन उचललं. "तुम्ही वेगळ्या राहणार आहात का?"

काचेपलीकडे बाबा बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेचा निकाल लागायचा असलेल्या मुलासारखे. त्यांना आतलं काही ऐकू येत नव्हतं. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, सावकाश, जणू किती तरी वर्षांनी. ठमी जागी झाली आणि मी तिला थोपटू लागले.

"ते अजून ठरवलेलं नाही," आई म्हणाल्या. "ठरवता यावं म्हणून आलेय. सही कुठे करू?"